घाटाचे पाणी, खाडीचा मासा

रायगड जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांपैकी बहुतेकांस समुद्राचा अथवा खाडीचा काठ लाभलेला असताना कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी, भाताच्या खाचरांत आणि ऐन-सागाच्या रानांत वसलेले आहेत. माथेरानच्या कड्यावरून निरभ्र दिवशी पश्चिमेस मुंबई बंदराच्या पाण्याची जी फिकट रेघ दिसते, तिच्यावाचून येथील माणसाच्या नजरेस समुद्र सहसा पडत नाही. असे असूनही या मुलखाच्या जेवणात समुद्राचे स्थान किनाऱ्यावरील गावांहून फारसे खालचे नाही. मृगाच्या अगोदरचा पंधरवडा लागला, की कर्जत, नेरळ, खोपोली, चौक येथील बाजारांत सुक्या मासळीच्या टोपल्या ओळीने मांडल्या जातात आणि पावसाळ्यात नारळीपौर्णिमेपर्यंत होड्या बंद राहणार या हिशेबाने घरोघरची बेगमी सुरू होते. बोंबील, सुकट, जवळा, वाकट्या, मांदेली, खारवलेला बांगडा असा तो सारा जिन्नस. गिऱ्हाईक बाई एक बोंबील उचलते, मधोमध मोडून त्याचा आवाज ऐकते, नाकाशी धरते आणि म्हणते, "मावशी, हा ओलसर लागतोय." टोपलीवाली मूठभर सुकट दुसऱ्या हातावर पाखडून दाखवते, "बघ गं बाय, वाळूचा खडा नाय याच्यात." पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने घडलेली ही परीक्षा आहे, आणि कुजका, किडका वा भेसळीचा माल ओळखण्यापुरती ती आजही पुरेशी आहे.

परंतु ज्या दूषितांविषयी हा लेख आहे, ती या परीक्षेस सापडत नाहीत. पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे धातू, डीडीटीसारखी वर्षानुवर्षे न विरणारी कीटकनाशके आणि जुन्या विजेच्या रोहित्रांतील तेलांत वापरली जाणारी पीसीबी नावाची संयुगे माशाच्या मांसात अथवा चरबीत शिरली, तरी त्याचा रंग पालटत नाही, त्यास वास येत नाही आणि चवीत तिळमात्र फरक पडत नाही. ती ओळखण्यास प्रयोगशाळा लागते. आणि प्रयोगशाळा ही सरकारच्या हातातील गोष्ट असल्यामुळे हा प्रश्न स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर, कचेरीच्या दप्तरापर्यंत जातो.

समुद्र आपल्या तालुक्यांत नाही हे खरे. पण आपल्या तालुक्यांतील प्रत्येक ओहोळ अखेर समुद्रासच मिळतो, ही गोष्ट ज्या गांभीर्याने लक्षात घ्यावयास हवी होती त्या गांभीर्याने ती घेतली गेली नाही. येथील दोन मुख्य नद्या म्हणजे कर्जतची उल्हास आणि खालापूरची पाताळगंगा. कोकणातील इतर नद्यांप्रमाणे याही शिमग्यानंतर डोहांपुरत्या उरावयाच्या. परंतु टाटांच्या जलविद्युत योजनेने त्यांचे भाग्य पालटले. घाटमाथ्यावरील वळवण, शिरवता या तलावांचे पाणी १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून खाली उतरले आणि पाताळगंगेस बारमाही प्रवाह प्राप्त झाला. १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह सुरू होऊन आंध्रा खोऱ्यातील पाणी पेज नदीच्या मार्गाने उल्हासेकडे वाहू लागले. पश्चिमेकडे वळविलेल्या या पाण्याने येथील शेतीस उन्हाळी पीक दिले, गावांस नळ दिले आणि त्याच पाण्याच्या आशेने कारखानेही आले.

स्वातंत्र्यानंतर देशास औषधे, रंग आणि कीटकनाशके स्वतःच बनविता यावीत या हेतूने केंद्र सरकारने १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही संस्था स्थापन केली आणि तिचा कारखाना पाताळगंगेच्या काठी रसायनी येथे उभारला. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या दुसऱ्या सरकारी संस्थेचा कारखानाही तेथेच आला व हिवतापाच्या मोहिमेसाठी लागणारी डीडीटी तेथे तयार होऊ लागली. मागाहून पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र वसले. खोपोलीकडे पोलादाचे, कागदाचे, रसायनांचे कारखाने वाढले. या उद्योगांनी हजारो कुटुंबांस रोजगार दिला, आणि हिवतापाने ज्या काळी गावेच्या गावे अंथरुणास खिळत त्या काळी डीडीटीने किती जीव वाचविले याचे विस्मरण होऊ देणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि नदीकाठी रसायनांचा उद्योग बसविताना त्या नदीच्या मुखाशी कोण राहते आणि काय खाते, याची चौकशी प्रथम व्हावयास हवी होती.

पाताळगंगेच्या मुखाकडे जावयाचे तर खालापुरावरून रसायनीस आणि तेथून आपट्यास उतरावे. आपटा हे एके काळचे बंदर. त्याच्या खाली नदी भरती-ओहोटीच्या अमलाखाली येते, खारपाड्याच्या पुलाखालून वळसे घेत जाते आणि पुढे अंबा नदीसह धरमतरच्या खाडीत मिसळून रेवस आणि करंजाच्या मधून मुंबई बंदराच्या पाण्यास मिळते. गोडे पाणी खाऱ्यास भेटते त्या ठिकाणी एक महत्त्वाची घटना घडते: नदीने वाहून आणलेले मातीचे अतिसूक्ष्म कण, जे गोड्या पाण्यात तरंगत असतात, ते क्षारांच्या योगाने एकमेकांस चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. धातूंचे व तेलकट विषांचे अंश याच कणांस धरून आलेले असतात. म्हणून खाडीचा चिखल हा नदीच्या साऱ्या वरच्या काठाने काय केले याची नोंदवहीच असतो.

त्या चिखलावर ओहोटीच्या वेळी उभे राहून पाहावे. पाणी मागे सरताच कांदळवनाच्या मुळांपासून खालपर्यंत करडी, चकचकीत दलदल उघडी पडते आणि तिच्यावर बोटभर लांबीच्या निवट्या उड्या मारू लागतात. हा मासा असून पाण्याबाहेर, ओल्या कातडीतून श्वास घेत राहणारा जीव. चिखलात बीळ करतो, चिखलाच्या साईवरील शेवाळ आणि किडे-कृमी खातो, आणि जन्मभर त्या चिखलाचाच होऊन राहतो. पेण-अलिबागकडे निवट्यांचे कालवण आवडीने खाल्ले जाते. काळी चिंबोरीही याच चिखलाची. कालवे आणि तिसऱ्या तर दिवसभर खाडीचे पाणी आपल्या अंगातून गाळून त्यातील कण पोटात घेतात. लहान जिवांवर कोळंबी व बोईट वाढतात, आणि त्या साऱ्यांवर खाडीचा राजा जो जिताडा, तो पोसला जातो. प्रत्येक पायरीस वरचा जीव खालच्या शेकडो जिवांचे भक्षण करतो, आणि ज्या विषाचा शरीरातून निचरा होत नाही ते त्याच्या मांसात सावकाराच्या व्याजावरील व्याजाप्रमाणे चढत जाते. पाण्यात ज्याचा पत्ता लागणे कठीण असा पारा मोठ्या मांसाहारी माशात पाण्यापेक्षा लक्षावधी पटींनी अधिक सापडतो, तो याच मार्गाने.

पाऱ्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. कारखान्यातून अथवा कोळशाच्या धुरातून बाहेर पडणारा पारा ज्या रूपात असतो, त्या रूपात तो तोंडावाटे गेल्यास शरीर त्याचा थोडाच भाग शोषून घेते. परंतु खाडीच्या तळाशी, जेथे प्राणवायू पोहोचत नाही अशा काळ्या चिखलात काही जिवाणू राहतात आणि ते पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हा मिथिल पारा अन्नमार्गातून जवळजवळ पूर्ण शोषला जातो, मेंदूच्या संरक्षक पडद्यातून पलीकडे जातो आणि गर्भवतीच्या नाळेतून गर्भापर्यंत पोहोचतो. प्रौढ शरीरातून त्याचा अर्धा भाग जावयास सुमारे दोन महिने लागतात. माशात तो मांसाच्या प्रथिनांस बद्ध असल्यामुळे धुणे, मीठ लावणे, आगळात मुरविणे, तळणे यांपैकी कशानेही तो निघत नाही.

याचे भयानक उदाहरण जपानमधील मिनामाता या गावचे आहे आणि त्याचा तपशील आपल्याकडे फार थोड्यांनी वाचलेला असतो. तेथील चिस्सो या कंपनीचा कारखाना १९३२ पासून असिटाल्डिहाइड बनवीत असे व त्या प्रक्रियेतील पारा सांडपाण्याबरोबर उपसागरात सोडीत असे. प्रथम गावातील मांजरे झोकांड्या खाऊन, वेड्यासारखी गरगर फिरून मरू लागली. १९५६ च्या एप्रिलमध्ये एका लहान मुलीस चालता येईना, बोलता येईना, म्हणून कारखान्याच्याच रुग्णालयात आणण्यात आले, आणि १ मे रोजी तेथील प्रमुख डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी अज्ञात मेंदूविकाराची वर्दी आरोग्य कचेरीस दिली. पुढे याच डॉक्टरांनी कारखान्याचे सांडपाणी मांजरांच्या अन्नात मिसळून पाहिले; १९५९ साली चारशे क्रमांकाच्या मांजरास तोच विकार जडला. कंपनीने तो निष्कर्ष दडपून ठेवला. पाऱ्याचा वापर १९६८ पर्यंत सुरूच राहिला आणि विकाराचे कारण कंपनीचे सांडपाणी होय, हे जपान सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मान्य केले. पहिल्या वर्दीनंतरची ती बारा वर्षे हा त्या प्रकरणाचा खरा अपराध आहे असे मी मानतो. दरम्यान ज्यांनी स्वतः फारशी पीडा भोगली नव्हती अशा मातांच्या पोटी मेंदू दुखावलेली मुले जन्मास आली. कारण आईच्या शरीरातील विष गर्भाने ओढून घेतले होते. जपानी घरांत बाळाच्या नाळेचा वाळलेला तुकडा जपून ठेवण्याचा प्रघात आहे. त्या तुकड्यांची तपासणी करून कोणत्या वर्षी जन्मलेल्या बालकास किती पारा पोहोचला हे शास्त्रज्ञांस मागाहून सांगता आले. त्या गावाच्या नावाने पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि भारताने तो २०१८ साली मंजूर केला.

आपल्या खाडीस मिनामाता म्हणणे अतिशयोक्तीचे होईल आणि तसे मी म्हणत नाही. परंतु हा प्रश्न आपल्या दाराशी आलाच नव्हता असेही नव्हे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई या संशोधकांनी ठाण्याच्या खाडीतील पाऱ्याविषयीचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध केला. आणि कर्जतहून निघालेल्या उल्हासेचा एक फाटा त्याच ठाण्याच्या खाडीस जोडलेला आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ साली, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्याही अगोदर केला होता, हे अभिमानाने नमूद करावे. आणि नदीपासून ठरावीक अंतरात प्रदूषणकारी उद्योगांस मनाई करणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण याच महाराष्ट्राने २०१५ साली रद्द केले, हेही तितक्याच स्पष्टपणे नमूद करावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत सर्वांत अधिक, म्हणजे ५३ पट्टे आपल्या राज्याचे होते, आणि उल्हास व पाताळगंगा या दोन्ही नद्यांची नावे तीत आहेत.

आता प्रमाणाचा विचार करू, कारण विषाच्या बाबतीत सारा प्रश्न मात्रेचा असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली असे ठरविले, की मनुष्याने आठवड्यास शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक मिथिल पारा घेऊ नये. आपल्या देशातील अन्न सुरक्षेच्या नियमांत मिथिल पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम अशी घालून दिली होती. पन्नास किलो वजनाच्या बाईची आठवड्याची मर्यादा झाली ८० मायक्रोग्रॅम. मासा जर नेमका कायद्याच्या सीमेवर असेल, तर ती सव्वातीनशे ग्रॅममध्येच पुरी होते. पंधरा किलोच्या मुलास हीच मर्यादा शंभर ग्रॅमच्या आतच गाठते. म्हणजे कायद्याने निर्दोष ठरलेला मासाही रोज खाणाऱ्या घरातील लेकरास अपायकारक ठरू शकतो. उलट ज्या लहान माशात पारा याच्या पाचव्या हिश्शाइतका आहे, तो त्याच बाईने आठवड्यास दीड किलो खाल्ला तरी मर्यादा ओलांडली जात नाही.

सुक्या मासळीचा हिशेब निराळा मांडावा लागतो. ओल्या बोंबलाच्या शंभर भागांत जवळजवळ नव्वद भाग पाणी असते; तो वलांडीवर वाळला की पाणी उडते, धातू उडत नाही. म्हणून शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात कित्येक पट ओल्या बोंबलांतील धातू एकवटलेला असतो. सुदैवाने बोंबील, जवळा, मांदेली हे अल्पायुषी आणि लहान आहार घेणारे जीव असल्यामुळे पाऱ्याचा साठा होण्यास त्यांना अवधीच मिळत नाही. आणि एका वेळच्या कालवणात सुकट पडते ती मूठभर. काळजी करावयाची ती मुशीसारख्या दीर्घायुषी, मोठ्या शिकारी माशाची खारवलेली तुकडी वारंवार खाण्याची. बांगलादेशात सुक्या मासळीस किडे लागू नयेत म्हणून तिच्यावर डीडीटीसारखी कीटकनाशके मारल्याचे तेथील तपासण्यांत वेळोवेळी आढळले आहे. ही आगळीक नदीने केलेली नसते, माणसाने उघड्या डोळ्यांनी केलेली असते. भारताने शेतीतील डीडीटीचा वापर १९८९ साली बंद केला. तिचे अवशेष मात्र चरबीत राहतात, आणि आईच्या दुधातही उतरतात. चरबीतील या विषांपुरता एक घरगुती उपाय आहे: मोठ्या तेलकट माशाचे कातडे, पोटाकडील चरबी आणि काळीज काढून टाकावे, खेकड्याच्या व माकुलाच्या पोटातील पिवळसर-करडा भाग, ज्यात कॅडमियम साठते, तोही टाकावा. पाऱ्यावर या उपायाचा उपयोग नाही.

या साऱ्या विवेचनात ज्यांची गणना कोणी करीत नाही, अशांविषयी मला विशेष सांगावयाचे आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील कातकरी आणि ठाकर कुटुंबे बाजारातून पापलेट-सुरमई घेत नाहीत; पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी चढले की वलगणीचे मासे धरतात, उन्हाळ्यात नदीच्या डोहांत हाताने खेकडे, मळे, शिंगट्या चाचपतात. शहरी गिऱ्हाईक एका आठवड्यास उत्तनचा मासा खाते, दुसऱ्यास वेरावळचा. त्यामुळे धोका विभागला जातो. वाडीवरील बाई मात्र वर्षानुवर्षे एकाच नदीच्या एकाच वळणाचा मासा खाते, गरोदरपणीही तोच खाते, आणि तिच्या पोरांना मिळणारे उत्तम प्रथिन तेच असते. कारखान्याखालच्या डोहात मेलेले मासे तरंगू लागले, तर गावकरी तक्रार करतात, पंचनामा होतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. जो मासा मेला नाही, पकडला गेला आणि शिजला, त्याचा पंचनामा होत नाही.

आणि येथेच आपल्या व्यवस्थेतील उणीव ठळक होते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याचे नमुने नियमितपणे घेते व त्यावरून गुणवत्तेचा निर्देशांक प्रसिद्ध करते. हे काम उपयुक्त आहे. परंतु तो निर्देशांक पाण्याची आम्लता, विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायूची गरज आणि विष्ठाजन्य जिवाणू या चार गोष्टींवर काढला जातो. मैलापाणी किती मिसळले हे त्यावरून कळते; चिखलात पारा किती बसला आणि निवटीच्या मांसात किती चढला, हे त्यावरून कळणे शक्य नाही. नदीचा निर्देशांक उत्तम असताना तिच्या मुखाचा मासा सदोष असू शकतो. माशाची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाची, पाण्याची प्रदूषण मंडळाची, मच्छीमारांची मत्स्यव्यवसाय खात्याची, आणि या तीन दप्तरांच्या मधल्या मोकळ्या जागेतून मासा थेट ताटात येतो. परदेशी जाणाऱ्या कोळंबीची तपासणी कसोशीने होते, कारण तेथील सरकार सदोष माल परत धाडते. आपल्या बाजारच्या मासळीसाठी तशी कसोशी व्हावयाची तर गिऱ्हाइकाने तगादा लावला पाहिजे. गोव्यात २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन असल्याची ओरड झाली तेव्हा सरकारला परप्रांतीय मासळीची आयात काही दिवस बंद करावी लागली होती. आणि कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मेलिन ओळखण्याची साधी कागदी पट्टी त्याच वर्षी उपलब्ध केलेली होती. लोकांनी विचारले की साधने सापडतात.

हे वाचून कोणी मासे सोडावेत, असा माझा हेतू मुळीच नाही. तसे करणे ही या प्रदेशाच्या आरोग्याची मोठी हानी होईल. मेंदूच्या वाढीस लागणारी स्निग्ध आम्ले, आयोडीन आणि उत्तम प्रथिने माशाइतक्या स्वस्तात गरिबास दुसरीकडे मिळत नाहीत. सेशेल्स बेटांवरील माता आठवड्यास दहा-बारा वेळा समुद्राचे मासे खातात. त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास करूनही पाऱ्यामुळे झालेली हानी स्पष्टपणे दिसून आली नाही. उलट फॅरो बेटांवर, जेथे पाऱ्याने भरलेले देवमाशाचे मांस खाल्ले जाते, तेथील मुलांच्या स्मृतीत, अवधानात आणि भाषेत उणीव आढळली. या दोन अभ्यासांवरून मला जो निर्णय योग्य वाटतो तो असा: गरोदर बायांनी, अंगावर पाजणाऱ्या मातांनी आणि लहान मुलांनी मासे अवश्य खावेत, परंतु तारली, बांगडा, मांदेली, बोंबील, जवळा असे लहान मासे खावेत, मुशी, कुपा आणि मोठी सुरमई क्वचित खावी, एकाच खाडीचा अथवा एकाच डोहाचा मासा रोज खाऊ नये, आणि कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाखालची कालवे, तिसऱ्या आणि निवट्या मुलांना देऊ नयेत.

एवढे घरात करता येते. उरलेले ग्रामसभेत करावयाचे आहे. येत्या २६ जानेवारीस आपापल्या गावी ग्रामसभा भरेल. खोपोलीपासून खारपाड्यापर्यंत आणि कर्जतपासून बदलापूरपर्यंत नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने त्या दिवशी एक ठराव करून तो जिल्हाधिकारी कचेरीकडे पाठवावा: नदीच्या आणि खाडीच्या माशाचे, खेकड्याचे व तळच्या चिखलाचे नमुने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर दरवर्षी घ्यावेत, त्यांतील पारा, शिसे, कॅडमियम आणि कीटकनाशके यांची तपासणी करावी, आणि निकाल मराठीत, आकड्यांसह, मासळीबाजाराच्या व पंचायतीच्या फळ्यावर लावावेत. ठरावाची एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळास व एक अन्न व औषध प्रशासनास द्यावी, आणि पोहोच घेतल्यावाचून कचेरीतून परत येऊ नये.